नमुन्याचा माग आणि नगावरची मजुरी

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी रात्री साडेनऊला माझ्या भाच्याने मोबाईलवरच्या बॅटल रॉयल खेळात, म्हणजे शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो अशा शूटिंगच्या खेळात, कस्टम रूम उघडली. कस्टम रूम म्हणजे आपल्या नियमांनी, आपल्या माणसांत लावलेली मॅच. रूम उघडायला कार्ड लागतं, ते त्याने महिनाभर राखून ठेवलं होतं. नियम त्याने स्वतः ठरवलेला: बंदूक कुणी उचलायची नाही, फक्त पॅन घ्यायचा. लोखंडी तवा हातात घेऊन पळत जायचं आणि समोरच्याला गाठायचं. आठवडाभर तो याच्याच मागे होता. गाड्या चालतील का, पाण्यात उतरलेल्याचं काय करायचं, कुणी बंदूक चालवलीच तर पुढचा डाव त्याने बाहेर बसायचं, असं सगळं त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलेलं मी पाहिलं. मग त्याने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आयडी आणि पासवर्ड टाकला. ग्रुपमध्ये जुळे सोलापूर, विजापूर रोड, अशोक चौक, भवानी पेठ अशी सगळीकडची मिळून साठएक पोरं आहेत. पंधरा मिनिटांत आत आली नऊ.

"काय बे, बाकीचे कुठं गेले?" मी विचारलं.

"ओ मामा, कस्टमला पॉइंट नाहीत की. सीझन संपायला चार दिवस राहिलेत. सगळे रँक पुश करायलेत, वर चढायलेत."

पुढच्या रविवारी त्याच ग्रुपमधल्या दुसऱ्या एका मुलाने रूम उघडली. वीस रुपये एंट्री, दर किलला, म्हणजे एकाला मारलं की, दहा रुपये, शेवटपर्यंत टिकेल त्याला तीनशे, उरलेले रूमवाल्याचे. दहा मिनिटांत बावन्न जण आत. माझा भाचाही त्यात होता. फक्त पॅनचं नाव कुणी काढलं नाही.

हे दोन रविवार माझ्या डोक्यातून जात नाहीत. मोबाईलवरच्या शूटिंगच्या खेळांबद्दल आपल्याकडे बोललं गेलं ते एकाच प्रश्नावर, पोरांनी खेळावं की खेळू नये. सप्टेंबर 2020 मध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली. जुलै 2021 मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने आला, जुलै 2022 मध्ये तोही थांबवला गेला आणि मे 2023 मध्ये परत सुरू झाला. दर वेळी पालक, शिक्षक, वर्तमानपत्रं सगळ्यांनी तोच वाद घातला. पोरं मात्र मधल्या काळातही काही ना काही खेळतच होती. त्या खेळाच्या आत कशाला मोल आहे आणि कशाला नाही, हे कोण ठरवतं आणि त्याचा पोरांच्या खेळण्यावर काय परिणाम होतो, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मोठ्यांच्या चर्चेत तो मी कधी ऐकला नाही.

माझे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. मजुरी नगावर. जितक्या चादरी उतरतील तितके पैसे. त्यामुळे माग थांबला की जीव खालीवर व्हायचा. तार तुटली, वीज गेली, कांडी संपली, प्रत्येक थांबण्याचा हिशोब त्यांच्या डोक्यात पक्का असायचा. पण वर्षातून काही दिवस असे यायचे की मागावर नवा नमुना चढायचा. जॅकार्डवर भोकं पाडलेल्या पत्त्यांची नवी माळ लावायची, रंग जुळवायचे, दोन वीत कापड विणायचं, थांबायचं, उलटून बघायचं, मोराची मान वाकडी आली म्हणून परत पत्ते काढायचे. दिवसभरात एक चादरसुद्धा धड उतरायची नाही. त्या दिवसांचे पैसे शेठ रोजावर द्यायचे. वडील म्हणायचे, "नमुन्याच्या दिवशी नग मोजले तर नमुन्याला हात कोण लावंल?"

कस्टम मॅच हा माझ्या लेखी शूटिंगच्या खेळांमधला नमुन्याचा माग आहे. तिथे खेळणारे स्वतः नियम मांडतात, फसतात, परत मांडतात. आणि आजच्या खेळांनी या मागावरसुद्धा नगच मोजायला घेतले आहेत. कस्टममध्ये नग उतरत नाहीत, म्हणून तिथे घालवलेला वेळ शून्य धरला जातो.

ज्यांनी हे खेळ खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बीजीएमआयमध्ये ब्राँझपासून सुरुवात होते, मग सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस आणि सगळ्यात वर कॉन्करर. कॉन्करर म्हणजे सर्व्हरवरचे पहिले पाचशे. सीझन संपला की टियर, म्हणजे आपली पायरी, खाली उतरतो आणि चढण नव्याने सुरू होते. याच्या जोडीला रॉयल पास असतो, त्यात रोजची आणि आठवड्याची मिशन असतात, ती पुरी केली की कपडे, बंदुकीचे स्किन म्हणजे नक्षीदार वेष्टनं, असं काहीबाही मिळत जातं. पासला पैसे मोजलेले असतात आणि त्याची मुदत ठरलेली असते. टियरचे पॉइंट मिळतात ते रँक्ड मॅचमध्ये. कस्टम रूममध्ये तुम्ही कितीही भारी खेळा, टियर तसूभर हलत नाही.

या शिडीने रँक्ड खेळसुद्धा बदलला, हे आधी मान्य करायला हवं. जास्त वेळ जिवंत राहिलं की पॉइंट जास्त, म्हणून लोक वीस वीस मिनिटं गवतात आडवे पडून राहतात. पोरं त्यांना 'स्नेक' म्हणतात. पण स्नेक हा त्या खेळातला निदान कळण्यासारखा डाव आहे. कस्टमचं नुकसान जास्त खोल आहे, कारण तिथे आधी माणसंच येत नाहीत. जी येतात ती सोबत शिडीही घेऊन येतात. आमच्या ग्रुपवर कुणीही साधी रूम लावली की पहिला प्रश्न येतो, "पॉइंट टेबल कोणतं?" मोठ्या स्पर्धांमध्ये पहिल्या नंबरला दहा, दुसऱ्याला सहा, मग पाच, चार, तीन, दोन, एक, एक आणि दर किलला एक, अशी मोजणी असते. ती मोजणी सोळा संघांच्या व्यावसायिक स्पर्धेसाठी बनली आहे आणि तिथे ती चोख चालते. आता रविवारी रात्री चार मित्रांनी गंमत म्हणून लावलेल्या रूमलाही तीच लागते. रूम कस्टम, पण तिच्यात आपलं म्हणावं असं काही उरत नाही.

मी 2006 च्या आसपास काउंटर-स्ट्राइक 1.6 हा संगणकावरचा शूटिंगचा खेळ खेळायला शिकलो. नवी पेठेतल्या एका कॅफेत दहा मशीन होत्या, तासाला पंधरा रुपये. मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. लोडशेडिंगचे ते दिवस. मॅच रंगात आलेली असताना दिवे जायचे, दहाच्या दहा स्क्रीन एकदम काळ्या, आणि अंधारात आम्ही स्कोअर काय होता यावर भांडत बसायचो. तो स्कोअर कुठेच लिहिलेला नसायचा. दिवे आले की आठ-सहा होता की सात-सात, हे ठरवून पुढे खेळायचं. बहुतेकदा अण्णाच निवाडा करायचे, आणि अण्णांनी सांगितलं की विषय संपला.

त्या कॅफेतले नियम आज आठवले तरी मजा वाटते. डस्ट टू या नकाशावर आम्ही एक दिवस ग्रॅव्हिटी 800 वरून 200 वर आणली. उडी मारली की माणूस छपरावर. त्या संध्याकाळी चार तास आम्ही हवेत तरंगत एकमेकांना मारत होतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातून नवा नियम निघाला: जमिनीला पाय असताना गोळी झाडायची नाही, फक्त हवेत असताना. हा नियम पाळला गेला की नाही हे मशीन सांगू शकत नव्हतं. खेळणाऱ्यांनी एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. कुणी खोटं खेळला तर पाठीमागून त्याच्या खुर्चीला लाथ बसायची.

आणि आमच्यात एक कच्चा लिंबू होता. एका मित्राचा धाकटा भाऊ, दहा-अकरा वर्षांचा. त्याला घरी एकटं ठेवता येत नसे म्हणून तो बरोबर यायचा. मराठी मुलांना कच्चा लिंबू समजावून सांगावा लागत नाही. लगोरी असो, डबा ऐसपैस असो की गल्लीतलं क्रिकेट, जो लहान आहे किंवा नवा आहे तो खेळात असतो पण हिशोबात नसतो. कॅफेत आम्ही ठरवलं होतं की या पोराला मारायचं तर फक्त चाकूने मारायचं. मग बंदुका पाठीला लावून तीन-तीन जण चाकू काढून त्याच्यामागे पळायचे आणि तो वळून दोघांना गोळ्या घालायचा. सहा महिन्यांत त्याचा नेम इतका पक्का झाला की त्यानेच येऊन सांगितलं, "आता मला लिंबू धरू नका." शिकण्याची इतकी सुंदर सोय मी नंतर कुठल्याही खेळात पाहिली नाही.

रँक्ड मॅचमध्ये कच्चा लिंबू असू शकत नाही. तिथे तो चौघांच्या स्क्वाडमधलं ओझं असतो. त्याच्यामुळे बाकी तिघांचे पॉइंट जातात आणि मग हेडफोनमधून आई-बहिणीवरून शिव्या येतात. दोष त्या तिघांच्या स्वभावाचा असेलही, पण मोठा वाटा हिशोबाचा आहे. हिशोबात सवलतीला खातंच नाही. सवलत देता येईल अशी एकच जागा खेळात आहे, ती म्हणजे कस्टम रूम, आणि तीच आपण ओस पाडतो आहोत.

आज ज्या खेळांना शिड्या लागल्या आहेत, त्यांतले कितीतरी खेळ अशाच बिनहिशोबी जागेत जन्मले. काउंटर-स्ट्राइक मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी 1999 मध्ये हाफ-लाइफ या खेळात स्वतः बदल करून तयार केला. बॅटल रॉयलचंही तसंच. ब्रेंडन ग्रीन यांनी आधी आर्मा या लष्करी खेळाच्या बदलांमध्ये तो प्रकार घडवला, कित्येक वर्षं त्यात डागडुजी केली, आणि 2017 मध्ये तो पबजी म्हणून बाजारात आला. माझा सगळ्यात आवडता दाखला हेलो 2 चा आहे. 2004 साली आलेल्या त्या खेळात झोंबी नावाचा प्रकारच नव्हता. खेळाडूंनी कस्टम मॅचमध्ये तो आपापसात ठरवून सुरू केला: एक टीम माणसांची, एक झोंबींची, आणि झोंबीने मारलं की माणसाने स्वतःहून मेनूत जाऊन टीम बदलायची. खेळ त्याला बदलायला लावत नव्हता. पोरं शब्द पाळत होती, आपल्या कॅफेतल्यासारखी. 2007 मध्ये हेलो 3 आला तेव्हा कंपनीने इन्फेक्शन या नावाने तो प्रकार खेळातच घातला. आज डझनभर खेळांमध्ये तो सापडतो. हेलो 2 मध्ये रँक होता, एक ते पन्नास असा. पण झोंबी त्या रँकच्या मैदानावर जन्मला नाही.

या कंपन्यांना नमुन्याच्या मागाची किंमत माहीत आहे. उत्पन्न त्यावर उभं आहे. तरीही हळूहळू दारं अरुंद होत गेली. 2012 च्या सीएसगोमध्ये, म्हणजे काउंटर-स्ट्राइकच्या पुढच्या आवृत्तीत, रँक लावणारी मॅचमेकिंग, म्हणजे भिडू आपोआप जुळवणारी सोय, आली, ऑगस्ट 2013 मध्ये बंदुकीचे स्किन आले. लोकांनी चालवलेले सर्व्हर कुणी बंद केले नाहीत. मोठं बटण मात्र रँक्डच्या रांगेकडे नेऊ लागलं. टीम फोर्ट्रेस 2 या शूटिंगच्या खेळात जुलै 2016 च्या बदलानंतर लोकांच्या सर्व्हरवर येणारी नवी माणसं आटली आणि वर्षानुवर्षं जमलेले अड्डे ओस पडले. रस्ता दुसरीकडून काढला की जुन्या बाजारपेठेचं काय होतं, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

मग उपाय सोपा वाटतो: कस्टमलाही पॉइंट द्या. माझ्या भाच्याचंही हेच म्हणणं आहे. पण हे करून झालेलं आहे आणि त्याचं काय झालं तेही दिसलेलं आहे. टीम फोर्ट्रेस 2 मध्ये 2009 साली खेळता खेळता वस्तू मिळायला लागल्या. लगेच लोकांनी असे सर्व्हर उघडले जिथे कुणी खेळतच नसे, सगळे नुसते उभे. काहींनी तर खेळ न उघडताच वस्तू गोळा करणारे प्रोग्रॅम लावले. शेवटी कंपनीला त्या वस्तू काढून घ्याव्या लागल्या आणि ज्यांनी असं केलं नव्हतं त्यांच्या डोक्यावर प्रामाणिकपणाचं तेजोवलय बसवावं लागलं. पुढे नोव्हेंबर 2021 मध्ये बॅटलफील्ड 2042 आला. त्यातला पोर्टल हा भाग खास लोकांनी स्वतःचे नियम मांडावेत म्हणून बनवलेला, आणि तिथे एक्सपी, म्हणजे खेळल्याचे पॉइंट, तोही मिळत होता. काही दिवसांतच नियमांच्या नावाखाली एक्सपीची शेती सुरू झाली. हलता-बोलता न येणारे बॉट, म्हणजे संगणकाचे खोटे खेळाडू, रांगेत उभे करायचे आणि मारत सुटायचं. कंपनीने पोर्टलच्या एक्सपीवर मर्यादा घातली, तेव्हा जे खरोखर नवे खेळ मांडत होते त्यांचंही मिळणं गेलं. म्हणजे बक्षीस नाही म्हणून कस्टम ओस पडतं आणि बक्षीस लावलं की त्याचं शेत होतं.

यामागे माणसाच्या मनाचा एक जुना स्वभाव आहे. 1973 मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रं काढायची मनापासून हौस असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच दिलं नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा रंग ठेवले, बक्षिसाचा विषय न काढता. ज्यांना आधी कबूल केलं होतं, ती मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांपाशी थांबली. त्या प्रशस्तिपत्राचं नाव होतं 'गुड प्लेयर अवॉर्ड'. हे वाचलं तेव्हा मला भाच्याची ती वही आठवली, मागच्या पानावर पॅनचे नियम लिहिलेली.

रँकची बाजू मी सोडून देत नाही. आमच्या कॅफेत दहाही मशीनवर मुलगेच असायचे. माझी बहीण माझ्याइतकीच चपळ होती पण एकदाही तिथे पाऊल टाकू शकली नाही. ओळखीशिवाय तिथे जागा मिळत नसे, आणि आम्ही आमच्याच पेठेतल्यांना धरून असायचो. रँक्ड मॅचमेकिंग माणसाला नाव-गाव विचारत नाही. हे गणित मुळात बुद्धिबळातून आलं, आर्पाड एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांचं, आणि जागतिक बुद्धिबळ संघटनेने ते 1970 मध्ये स्वीकारलं. बरोबरीच्याला बरोबरीचा भिडू मिळावा एवढाच त्याचा हेतू, आणि तो फार न्याय्य हेतू आहे. विडी घरकुलमधली एखादी मुलगी आज दार लावून बसून, कुणाची परवानगी न घेता, स्वतःच्या नेमावर क्राउनपर्यंत जाऊ शकते. डिसेंबर 2022 मध्ये सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग मानलं, त्यामुळे त्या मुलीच्या आईवडिलांना सांगण्यासारखंही काही झालं. ही शिडी मोडा असं मी म्हणणार नाही.

पण एलोंच्या गणिताला रोजची मिशन नव्हती. पास संपायची तारीख नव्हती. बुद्धिबळपटू घरी मुलाबरोबर घोड्याशिवाय डाव मांडून बसला तर त्या संध्याकाळी त्याचं काही बुडत नाही. रँक मोजणं आणि रँकसाठी माणसाला रोज हजर ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट धंद्याची आहे आणि ती पहिलीच्या अंगावर पांघरून आली आहे. कस्टम ओस पडतं ते त्या दुसरीमुळे. पोरांना कस्टममध्ये काही मिळत नाही यापेक्षा तिथे बसल्यावर दुसरीकडचं बुडतं, ही टोचणी जास्त आहे.

हे कळायला मला त्या वीस रुपयांच्या रूमने मदत केली. कंपनीने ज्या जागेला शून्य मोल दिलं, तिला पोरांनी बाहेरून मोल आणलं. त्यांना सवय झालेली आहे की खेळलं की काहीतरी जमा झालं पाहिजे, मग पॉइंट नसतील तर पैसे. रूम चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा, पैसे भावाच्या यूपीआयवर घेतो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे भरून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळायचे ऑनलाइन खेळ त्यात बंद केले आहेत, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड अशी तरतूद आहे. त्या पोराला हे माहीत नव्हतं. मी, माझी बहीण आणि भाचा त्याच्या घरी गेलो, त्याच्या आईने चहा केला, आणि मी त्याला शांतपणे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, पैसे लावल्याशिवाय कोण येत नाही ओ. मी आधी फुकट लावून बघितलंय. चार वेळा."

म्हणजे त्यानेही आधी नमुनाच विणून पाहिला होता. चार वेळा माग रिकामा राहिला. कायद्याने वीस रुपयांची रूम बंद होईल, व्हायलाच हवी. पण पोलिसांच्या भीतीने पॅनची रूम भरणार नाही.

म्हणून माझी मागणी वडिलांच्या कारखान्यातून आलेली आहे, आणि तिथे ती थोडी बदलावीही लागते. नमुन्याच्या दिवशी शेठ रोजाचे पैसे द्यायचे, ते डोळ्यांसमोर काम होत होतं म्हणून. खेळात तसे रोजाचे पैसे लावले तर नुसती उभी राहणारी गर्दी होते, हे आपण पाहिलं. तेव्हा रोजाचे पैसे नकोत. नमुन्याच्या दिवशी दंड लावू नका, एवढं पुरे. मिशनला आजची मुदत कशाला? या आठवड्यात एक दिवस कस्टममध्ये गेला तर राहिलेलं मिशन पुढच्या आठवड्यात करता यावं. पैसे मोजून घेतलेला पास विकत घेतलेल्या वहीसारखा माणसाचा व्हावा, भरेल तेव्हा भरेल. हे अशक्य नाही. 2021 मध्ये आलेल्या हेलो इन्फिनिटने बॅटल पासला मुदतच ठेवली नाही. दुसरं, रूमला कार्ड लागू नये. मैदानात खेळायला यायचं आणि फाटकावर कुपन मागायचं, हे बरोबर नाही. तिसरं मला सगळ्यात निकडीचं वाटतं: रूम मांडणाऱ्याला आपले नियम नावासकट जपून ठेवता यावेत आणि दुसऱ्याला देता यावेत. माझ्या भाच्याचे पॅनचे नियम आज वहीच्या पानावर आहेत. ते खेळात असते तर साताऱ्याच्या किंवा गुलबर्ग्याच्या एखाद्या पोराने ते उचलून त्यात स्वतःचं काही घातलं असतं. बक्षीस द्यायचंच असेल तर ते असं द्या, नियमासोबत मांडणाऱ्याचं नाव जाऊ द्या.

कंपन्या आपलं ऐकतील तेव्हा ऐकतील. आपल्या हातातही काही आहे. गणपतीत आपल्याकडची मंडळं आणि गॅदरिंगला महाविद्यालयं मोबाईल गेमच्या स्पर्धा ठेवतात. त्या सगळ्या स्पर्धा कस्टम रूममध्येच होतात, खेळातल्या मोठमोठ्या स्पर्धासुद्धा तिथेच होतात, आणि तरी त्या रूमला आपण रँक्डचीच नक्कल बनवतो. मंडळाने तीन दिवस स्पर्धा ठेवावी, ढाल द्यावी, आनंद आहे. चौथ्या दिवशी एक रूम अशी ठेवावी जिच्यात नियम दर तासाला वेगळ्या मुलाने सांगायचा आणि फलकावर स्कोअर लिहायचा नाही. मंडळाच्या कार्यकर्त्यांशी मी यंदा बोललो. दोघांनी मान डोलावली, एकाने विचारलं, "मग बक्षीस कुणाला द्यायचं?" मी म्हटलं, त्या रात्री कुणालाच नको. तो विचारात पडला, पण नाही म्हणाला नाही.

गेल्या महिन्यात सीझन नुकताच सुरू झाला होता, टियर सगळ्यांचेच खाली आलेले, घाई कुणालाच नव्हती. भाच्याने परत कार्ड जमवलं आणि परत पॅनची रूम लावली. त्या वीस रुपयेवाल्या मुलालाही बोलावलं. सतरा जण आले. भाच्याची बहीण तेरा वर्षांची आहे, ती पहिल्यांदाच खेळत होती. ती लिंबू ठरली: तिला शेवटच्या झोनपर्यंत, म्हणजे मैदान आक्रसून उरलेल्या लहान जागेपर्यंत, कुणी हात लावायचा नाही. तिने एक जीप शोधली आणि नकाशाभर फिरवत बसली, वाटेत दिसेल त्याला आत घेत. शेवटच्या झोनमध्ये ती जीप येऊन उभी राहिली तेव्हा तिच्यात चार जण होते, चौघांच्या हातात पॅन, आणि खाली कोणी उतरायला तयार नव्हतं, कारण उतरलं की पहिला वार कोण करणार हे ठरेना. हेडफोनमधून सगळे एकदम बोलत होते. माझी बहीण भाकरी थापता थापता दारात येऊन विचारायला लागली की एवढं काय चाललंय. तेवढ्यात तिकडून कुणीतरी म्हणालं, "आधी लिंबूला ठरवू दे, कुणी उतरायचं."